नदीकाठचा सोपा फेरफटका आखताना : डेक्कन ते ओंकारेश्वर

घरातली ज्येष्ठ मंडळी आणि दोन-तीन मुलं घेऊन पुण्यात मुठा नदीकाठी जायचं असेल, तर मी आधी अंतर पाहत नाही. वर यायला वाट कुठे आहे, ते पाहतो. नदीपात्रात चढ नाही, म्हणून तो रस्ता सोपा वाटतो. पण पात्र शहरापेक्षा खाली आहे. कुणाचा गुडघा दुखायला लागला तर रिक्षा वरच्या रस्त्यावर मिळणार, आणि तिथवर पायऱ्या किंवा उतार चढूनच जावं लागणार. त्यामुळे नकाशावर आधी पूल ओळीने लिहून घ्यायचे : लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, बालगंधर्व रंगमंदिराजवळचा महर्षी शिंदे पूल, जयंतराव टिळक पूल, मग नवा पूल. यातला भिडे पूल अगदी पाण्यालगत आहे, लकडी पूल आणि शिंदे पूल उंचावर आहेत. उंच पूल दिसतो जवळ, पण त्याच्याखाली उभं राहिलं म्हणजे वर जाता येतंच असं नाही. जिना कुठे आहे आणि त्याला कठडा आहे का, हे आदल्या आठवड्यात एकट्याने जाऊन पाहून यावं. त्या वीस मिनिटांत अर्धी आखणी होते.

माझी ठरलेली वाट अशी : डेक्कन जिमखाना मेट्रो स्थानक, तिथून पात्रातून भिडे पूल, पूल ओलांडून पेठांच्या बाजूने ओंकारेश्वराचं देऊळ, शिंदे पुलावरून बालगंधर्वकडे परत आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानक. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. एकटा माणूस अर्ध्या तासात संपवेल. सात-आठ जणांना सव्वा तास धरायचा, कारण किलोमीटरमागे पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ओंकारेश्वराच्या आवारात मंडळी टेकतातच. सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या स्थानकांवर ठेवल्यामुळे गाडी लावायची आणि परत तिथेच येण्याची कटकट नाही. दमलेला माणूस भिडे पुलापाशीच वाट सोडून घरी जाऊ शकतो, हा आणखी एक फायदा. भिडे पूल कामासाठी बंद असेल, तर सुरुवातीलाच लकडी पुलावरून पलीकडे जायचं. वाट थोडी लांबते, इतकंच.

दिवस निवडताना मात्र घाई नको. पावसाळ्यात पुण्यात ऊन पडलंय म्हणून नदीत उतरायचं, ही नेहमीची चूक. मुठेचं पाणी खडकवासला धरणातून सुटतं. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी तीन धरणं, आणि खाली खडकवासला, साठ्याने सगळ्यांत लहान : जेमतेम १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). पानशेत १०.६५ आणि वरसगाव १२.८२ टीएमसीचं. म्हणजे वरची धरणं भरत आली आणि घाटात पाऊस लागला, की खडकवासल्याला पाणी पोटात ठेवायला जागाच नसते, ते सोडावंच लागतं. इथे एक थेंब नसताना भिडे पूल पाण्याखाली जातो तो यामुळे. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तेव्हा १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर. जुलै ते सप्टेंबर मी पात्राची वाट आखतच नाही. हौस असेल तर उंच पुलावरून पाणी पाहावं.

पाणी ओसरलं म्हणजे वाट मोकळी झाली असंही नाही. पूर मागे गाळ ठेवून जातो. वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. सपाट तळाची चप्पल इथेच दगा देते, खाचा असलेले बूट हवेत.

उत्तम काळ नोव्हेंबर ते जानेवारी. उन्हाळ्याकडे जाताना प्रवाह मंदावतो, पाण्यात सांडपाण्याचाच वाटा उरतो, जलपर्णी पसरते, आणि वासाबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळ टाळावी : डास, आणि त्याहून वाईट म्हणजे पात्रातल्या रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या दुचाक्या. पदपथ सलग नाही, म्हणून वाहनं समोरून दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चालायचं. मुलं मधे, मोठं माणूस पुढे आणि मागे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वासातला निघावं. त्याआधी अंधारात कुत्र्यांची टोळकी जागी असतात.

सोबत माणशी अर्धा लिटर पाणी पुरतं. पात्रात स्वच्छतागृहाची आशा धरू नये, निघण्यापूर्वीच सोय पाहावी. दुर्बीण असेल तर घ्या. पाणी घाण असलं तरी शेकाट्या, वंचक, पाणकावळे असे पक्षी दिसतात, थंडीत धोबीही. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या असल्याच पाण्यात रमतो, ही आपली शोभाच म्हणायची.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर ही वाट सोडा, ती उंचवटे आणि पायऱ्यांमध्ये अडकते. त्यांच्यासाठी मी मुळा-मुठेच्या काठी बंडगार्डनचा विचार करतो. तिथे १८६९चा फिट्झगेराल्ड पूल आहे. मात्र नदीकाठ विकसनाच्या कामामुळे त्या बाजूच्या वाटा बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन कुठली फाटकं उघडी आहेत ते पाहून यावं.