ब्रेंडेलचा शूबर्ट
२०२५च्या जूनमध्ये गेलेला पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल आज दिवसभर लावून ठेवला होता. संगीतकार शूबर्टचा बी-फ्लॅट पियानो सोनाटा, डी ९६० (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), सप्टेंबर १८२८चा.

पहिल्या भागात आठव्या बारमधली (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक घर) खर्जातली ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून, ऐका. जी-फ्लॅट या सुरावर, अगदी हळू आवाजात. सूर लांबवणारं पेडल जरा जास्त दाबून राहिलं की तिथे नुसता गडगडाट उरतो. ब्रेंडेलकडे दोन्ही सूर वेगळे कळतात.

पण एक्स्पोझिशनची, म्हणजे सुरावटी पहिल्यांदा मांडणाऱ्या सुरुवातीच्या विभागाची, पुनरावृत्ती तो गाळायचा, ते काही पटत नाही. पहिला भाग त्यामुळे पंधराएक मिनिटांत आटोपतो (पियानोवादक रिख्टर चोवीसेक घेतो!), पण परत वळतानाचे शूबर्टने लिहिलेले नऊ बार जातात, आणि हीच ट्रिल सबंध भागात फक्त तिथेच कडाडते.

दुसऱ्या भागात डावा हात उजव्यावरून उडी मारून वरचा सूर टिपतो. उडी घाईची झाली की तो ठसकन वाजतो. ब्रेंडेलचा नाही वाजत.