चॅरिझार्डची अट

वडोदरा, रविवार रात्र

दुपारी ताईकडे दांडिया बाजारात गेलो होतो. भाच्याने पोकेमॉनच्या कार्डांची वही माझ्यापुढे उघडली आणि विचारले, "मामा, यातला सगळ्यांत ताकदवान कोण, सांग ना!" मित्सुहिरो अरिता यांनी चितारलेला, आग ओकणारा चॅरिझार्ड मी दाखवावा, अशी त्याची अपेक्षा होती. हे कार्ड मूळच्या पहिल्या संचातले. २०२१ साली पंचविसाव्या वर्षानिमित्त ते पुन्हा छापले गेले, त्यांपैकी एक त्याच्याकडे आहे.

मी त्याला चित्राखालचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला. चॅरिझार्डचे एच.पी. (म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा) १२० आणि फायर स्पिन या त्याच्या हल्ल्याचा घाव १०० चा. पण त्यासाठी त्याला चार एनर्जी, म्हणजे हल्ल्याला बळ देणारी कार्डे, जोडलेल्या हव्यात आणि प्रत्येक घावापायी त्यांतल्या दोन टाकून द्याव्या लागतात. एरवी एका पाळीत हातातली एकच एनर्जी जोडता येत असल्यामुळे पुढच्या पाळीत हा अग्निराक्षस तोच घाव सहसा पुन्हा घालू शकत नाही. शिवाय पाण्याच्या पोकेमॉनपुढे तो दुबळा. त्याच संचातल्या ब्लास्टॉइज या पाण्याच्या पोकेमॉनचा हायड्रो पंप हा हल्ला जादा पाण्याच्या एनर्जीसह ६० पर्यंत जातो, दुबळेपणामुळे दुप्पट होऊन बरोबर १२० भरतो आणि चॅरिझार्ड एका घावात गारद होतो. उलट ब्लास्टॉइजचे एच.पी. अवघे १००, म्हणजे फायर स्पिनखाली तोही वाचत नाही! कोण श्रेष्ठ, हे चित्रावरून नव्हे, तर पाळी कोणाची आणि एनर्जी किती, यावरून ठरते. हा हिशेब जुळताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

आमच्या घरी सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे. गोल १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकी पत्ते. निम्म्या रंगांत अंकांचा क्रम उलटा लागतो, ही त्यातली मोठी गंमत. तरीही नरसिंहाचा पत्ता नरसिंहासारखा वागत नाही, त्याला फक्त दर्जा असतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांच्या मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाने पत्त्याला स्वभाव दिला. कार्ड आणि सामान्य नियम यांत विसंगती आली, तर कार्डाचे खरे मानायचे, हे तिथले मूलतत्त्व आहे. हल्ला करणारा प्राणी एरवी आडवा होतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत त्याला आड येता येत नाही. सेरा एंजल या कार्डावरची देवदूत मात्र हल्ला करूनही उभीच राहते. एवढ्या एका वाक्याने ती देवदूत रक्षणकर्ती ठरते, आणि असे एक वाक्य लिहिणे हे मला चित्राइतकेच कसबाचे काम वाटते.

म्हणूनच चकाकी आणि बाजारभाव पाहून कार्ड न वाचताच प्लास्टिकमध्ये बंद करण्याची रीत मला पटत नाही. भाच्याने संध्याकाळी साठ कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, पुन्हा लावायला घेतला. ब्लास्टॉइजची रेन डान्स ही शक्ती वापरून पाण्याच्या पोकेमॉनना एकाच पाळीत हव्या तितक्या पाण्याच्या एनर्जी जोडता येतात, हे त्याने आपले आपणच वाचून काढले आणि चॅरिझार्ड बाजूला ठेवला.