सतराचा जॉर्ज

"आणि अंथरूण-पांघरूण?" मेथी निवडता निवडता आईने विचारलं.

मी तिला बीटल्स या इंग्लिश बँडचं सांगत होतो. १९६०, हॅम्बुर्ग. लिव्हरपूलची पाच पोरं, ड्रमवाला रिंगो अजून आलेलाच नाही. रात्री क्लबात तासन्‌तास वाजवायचं आणि झोपायला बांबी कीनो नावाच्या थेटरात पडद्यामागची खोली. शेजारी संडास. दाढी-आंघोळीचं विचारूच नका.

त्यांच्यातला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन तेव्हा १७ वर्षांचा, रात्रीच्या क्लबासाठी लहान. नोव्हेंबरात वय उघडं पडलं, जर्मनीतून हाकलला. एकटा घरी.

"बरं झालं," आई म्हणाली. मला इतकी वर्षं त्याचं वाईटच वाटत आलंय.

आमचा सतराचा आतल्या खोलीत क्लासचे पेपर सोडवत होता. गिटार कपाटावर. तिची एक तार जूनपासून तुटलेली आहे, कुणी आणली का?