खुंटीवरचा वजनकाटा

आमच्या स्टुडिओत काउंटरशेजारी खुंटीला हुकाचा वजनकाटा टांगलेला आहे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रद्दी पण घेता काय?" रद्दी घेत नाही. बाहेरगावच्या शूटला निघायच्या आधी कॅमेऱ्याची बॅग त्या हुकाला अडकवायची, आणि आकडा सात किलोच्या वर गेला की काहीतरी काढून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

धंदा अण्णांनी सुरू केला. पासपोर्ट फोटो, मागच्या खोलीत डार्करूम, पुढं लग्नाच्या मिनी डीव्ही टेप. मी आणि धाकटा भाऊ हाताशी आलो तोवर कॅननचा ५डी मार्क टू येऊन गेला होता (२००८), आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर फुल एचडी व्हिडिओ निघतो हे साताऱ्यातही सगळ्यांना कळलं होतं. नवरानवरी ठळक, मागचा मांडव धूसर, लोकांना तेच हवं होतं. २०११ साली कर्ज काढून आम्ही एक डीएसएलआर घेतला. मंगल कार्यालयातल्या उजेडात त्यानं हप्ते फेडून दिले. आपल्याला सगळं येतं असं वाटायला तेवढं पुरेसं होतं.

मग बामणोलीकडच्या एका कृषी पर्यटनवाल्यानं व्हिडिओ मागितला. त्यात ठोसेघरचा धबधबा हवा होता. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलेलं. आम्ही खूश होऊन शूट करून आलो. अण्णांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "पाणी पडतंय का साबुदाणा सांडतोय?"

त्यांचं खरं होतं. सेकंदाला २५ फ्रेम काढायच्या तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास उघडं लागतं, तेव्हा हलतं पाणी डोळ्याला दिसतं तसं दिसतं. पण भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १०० आणि लेन्सचं तोंड एफ४ ठेवलं की शटर १/१६०० पर्यंत जातं. प्रत्येक थेंब सुटा, गोठलेला. मधला फरक पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). म्हणजे लेन्सवर उजेड कमी करणारी एनडी ३२ ची काळी काच हवी. लॉगमध्ये (रंग नंतर चढवायचे म्हणून फिकं) शूट करणाऱ्यांचा आयएसओ बहुतेकदा ८०० च्या खाली येत नाही, त्यांना आठ स्टॉपची काच लागते. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण जास्त परिसर टिपणाऱ्या वाइड लेन्सवर शेवटपर्यंत पिळला की आभाळात काळी फुली उमटते. कार्यालयात या काचेचं कधी कामच पडलं नव्हतं, त्यामुळं आमच्याकडं ती नव्हतीच. ते शूट आम्ही पदरचं पेट्रोल घालून परत केलं.

वजनकाटा आला तो वासोटा किल्ल्याच्या शूटनंतर. बामणोलीहून बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याच्या नोंदी करायच्या, जंगलातून चढायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. आम्ही चार लेन्स, जड ट्रायपॉड, कॅमेरा हलू न देणारा गिंबल, दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) असं वऱ्हाड घेऊन निघालो. माथ्यावर पोचलो तेव्हा बाबुकड्यासमोर उभं राहायलाही वेळ उरला नव्हता. घरी येऊन फुटेज बघितलं तर सगळं काम २४-१०५ च्या एकाच झूम लेन्सवर झालेलं. बाकीचं सामान नुसतं सहलीला येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी भावानं बाजारातून काटा आणला. रागानंच आणला होता.

काट्यामुळं पहिली गदा आली ती जास्त उजेड घेणाऱ्या, पण जड अशा एफ२.८ च्या झूमवर. लग्नात ते लागतातच. दिवसा उघड्यावर मात्र एफ४ चा झूम पुरतो आणि खांद्याला फरक कळतो.

कासला तर लोक डोळे झाकून वाइड लेन्स घेऊन जातात. पठार मोठं, म्हणून लेन्स वाइड! पण तिथली फुलं बोट-दोन बोट उंचीची, आणि पायवाट सोडून त्यांच्यात उतरायचं नाही. वाइडमधून सगळा कातळ दिसतो आणि कुठंतरी गुलाबी शिंतोडे. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लावून कॅमेरा खाली आणा, मागचा-पुढचा तेरडा एकमेकांवर चढतो आणि मग गालिचा दिसतो. दवबिंदूसाठी अगदी जवळून टिपणारा १०० चा मॅक्रो. १६-३५ चा वाइड आम्ही सज्जनगडासाठी ठेवलाय, तिथं दरवाज्यात मागं सरकायला जागा नसते.

आणखी एक, कासला चढताना गाडीचा एसी यवतेश्वर घाटातच बंद करायचा. गार काच दमट हवेत काढली की धुकं आत का बाहेर तेच कळत नाही.

पालीच्या खंडोबाच्या यात्रेनं दिलेला धडा महागातला. झूम करताना नळी पुढं येणारी लेन्स पंपासारखी हवा ओढते, आणि पालीत त्या दिवशी हवेत भंडाराच असतो. संध्याकाळपर्यंत रिंग करकरायला लागली, आतल्या काचेवर पिवळी साय. दुरुस्तीवाल्यानं लेन्स उघडली, हुंगली आणि म्हणाला, "हळदीला नेली होती का?" आता भंडारा-गुलालात लांबी न बदलणारी लेन्स, पुढं साधा यूव्ही फिल्टर, आणि लेन्स बदलणं बंद. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलसोबत. डबे आईचे आहेत, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहते, आणि डाळी कुठं गेल्या हे आम्ही विचारत नाही.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली माइकला केसाळ टोपी नसेल तर आवाज विसरा.

हल्ली नवी पोरं येऊन "दादा, कुठली बॉडी घेऊ?" विचारतात. आधी कुठं शूट करणार ते सांग, म्हणतो. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दोन-तीन बॉड्या बघते. आम्ही तर लेन्स पुण्याहून दोन दिवस भाड्यानं आणतो, अजिंक्यतारा चढून उतरतो आणि मगच पैसे टाकतो.

ट्रायपॉडवरून मात्र भावाचं आणि माझं अजून जमत नाही. तो एका पायाच्या मोनोपॉडवाला. परवा बॅग सात किलो दोनशेवर अडली, तर यानं गुपचूप माझी पाण्याची बाटली काढली.