हनोईतले पाच जीबी आणि आबांचे अकरा मिस्ड कॉल

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरकरानं गाव सोडून फिरायला जाऊ नये. शुक्रवार पेठेत जन्म काढूनही हे मला कळलं ते व्हिएतनामच्या हनोईत, एवढ्याशा प्लॅस्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीला लावून बसल्यावर. तिकिटं स्वस्त होती, लग्नाला वीस वर्षं होत होती, आणि 'दरवर्षी थोडाच पूर येतो' असं मीच हिला म्हणालो होतो. आबा काही बोलले नाहीत. पायरीवर बसून पान लावत राहिले.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ईसिमनं, म्हणजे कार्ड न घालता थेट फोनमध्ये उतरवायच्या सिमनं. आमच्या कंपनीचा रोमिंग पॅक चौपट महाग पडत होता. राजारामपुरीतला मोबाईलवाला म्हणाला, "ईसिम घ्या की. पण काय बी करा, डेटा रोमिंगला हात लावू नगासा. लाखाचं बिल येतंय." हे वाक्य मी मनात कोरून ठेवलं. पुढं तेच नडलं.

आपला फोन ईसिम घेतो का हे बघायला स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायचं. त्यात ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला की घेतो. माझ्यात दिसला, हिच्या जुन्या फोनमध्ये नाही. मग ईसिम घ्यायचं कुणाकडून, हा घोळ. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं ईसिम विकणारी दोन मोठी अॅप्स, परवाना नाही म्हणून, आपल्याकडच्या अॅप स्टोअरमधून काढायला लावली होती, त्यामुळं मित्रानं सुचवलेलं सापडेना. शेवटी दुसऱ्या एकाकडून घेतलं. दहा दिवस, पाच जीबी, साडेसहाशे रुपये. मेलवर क्यूआर कोड आला.

आता गंमत बघा. कोड आला माझ्याच फोनवर, आणि स्कॅनही करायचा माझ्याच फोननं. स्वतःच्या डोळ्यानं स्वतःचा डोळा कसा बघणार? (नव्या फोनमध्ये चित्र नुसतं दाबून धरलं तरी भागतं, हे मला परत आल्यावर कळलं.) महाद्वार रोडच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला गेलो. त्यानं कागद हातात घेऊन विचारलं, "किती पाठवू ह्यावर?" मी म्हटलं, अहो हे पैशाचं नाही, हे सिम आहे. त्यानं कागद उलटा करून मागं बघितलं.

घरी येऊन स्कॅन केलं, सिम बसलं. आबा शेजारीच होते. "म्हंजे ह्या कागदात सिम हाय?" मी म्हटलं, होय आबा, होतं, आता फोनमध्ये गेलं. एक कोड बहुतेक एकदाच चालतो. कागद तिथंच टेबलावर टाकला आणि संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली.

व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, घरबसल्या झाला, तक्रार नाही. नोई बाई विमानतळावर उतरलो आणि पहिली परीक्षा. ईसिमला टॉवर दिसतोय, कांड्या भरलेल्या, पण इंटरनेट शून्य. फोन तीनदा बंद-चालू केला. विमानतळाच्या वायफायवरून कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं, तर उत्तर देणारं यंत्र. प्रत्येक वेळी 'आपली गैरसोय समजते' म्हणतं आणि पुन्हा पहिलाच प्रश्न विचारतं. ही बॅगेवर बसून कांदा-लसूण चटणीची पुडी फुटली नाही ना हे बघत होती. पाऊण तास गेल्यावर शेजारच्या रांगेतला नाशिकचा एक पोरगा म्हणाला, "काका, त्या ईसिमचं डेटा रोमिंग ऑन करा ना."

रोमिंग! अंगावर काटा आला. पण त्यानं समजावलं. हे सिम व्हिएतनामचं नाहीच, भलत्याच देशातल्या कंपनीचं आहे. इथल्या टॉवरवर ते पाहुणं, म्हणून त्याला रोमिंग लागतंच, आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. बंद ठेवायचं ते आपल्या घरच्या सिमचं. ऑन केलं, आणि तीन सेकंदांत एकशे चाळीस मेसेज आले, त्यातले निम्मे 'शुभ सकाळ'. मी मात्र एवढा धसका घेतला होता की घरच्या सिमचं नुसतं डेटा रोमिंग नाही, सिमची अख्खी लाईनच बंद करून टाकली. म्हटलं, कटकट नको. व्हॉट्सअॅप तर जुन्याच नंबरवर चालतंय, मग लाईन हवी कशाला?

हनोई छान आहे. गर्दी आपल्या गुजरीसारखी, पण गाड्या तिप्पट. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, पळायचं नाही, नुसतं संथ चालत राहायचं, तेच तुम्हाला चुकवतात. १९४६ साली दुधाच्या टंचाईत सुचलेली अंड्याची कॉफी प्यायलो. ही म्हणाली, बासुंदीत कॉफी सांडल्यासारखी लागते. जेवण बेचव, असं म्हणणार नाही, पण तिखटाचा पत्ता नाही. चटणीची पुडी तिसऱ्या दिवशी संपली. हिला नेट माझ्या हॉटस्पॉटवरनं, त्यामुळं वीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यापासून वीस पावलांपेक्षा लांब जाईना. डोंग झुआन बाजारात कापड बघत बघत ती रेंजबाहेर गेली, तेव्हा अर्धा तास दोघं एकमेकांना शोधत होतो आणि नंतर अर्धा तास दोष कुणाचा यावर बोलत होतो. हालाँगच्या खाडीत एक दिवस गेला. फोटोत दिसते तशीच आहे.

पण खरं सांगू? माझं लक्ष तिथं नव्हतंच. तिसऱ्या दिवसापासून फोनवर पंचगंगा वाढायला लागली होती.

बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात कोल्हापुरात लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखा हा आकडा विचारतात. 'किती झाली?' एवढंच. कशाची ते विचारायचं नाही. त्यात राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित, सात. धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि 'तीन नंबर उघडला', 'सहा नंबर उघडला' असे मेसेज फिरायला लागतात. २०१९ ला आमच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं, २०२१ ला स्वयंपाकघरात गुडघाभर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन गावाचं बेट झालं होतं.

तर मी हालाँगच्या बोटीत बसून राधानगरी बघतोय. पाच जीबीतले दीड जीबी नुसते पुराच्या व्हिडिओंत गेले. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती ट्रॅक्टरवर चढवताना दिसल्या. जयंती नाल्याचं पाणी मागं रेटतंय, हे मला गल्लीतल्या माणसाआधी कळत होतं. एका ग्रुपवर तर २०१९ चाच व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरत होता. मी हनोईतून खडसावलं, की अरे त्या भिंतीला आता निळा रंग आहे! मला फार अभिमान वाटत होता. साडेसहाशे रुपयांत सगळं कोल्हापूर खिशात.

आबांजवळ बहीण राहिली होती. चौथ्या दिवशी सकाळी तिचा आवाजी मेसेज आला. इचलकरंजीत तिच्या घराकडंही पाणी सरकतंय (तिकडंही पंचगंगाच), रस्ता बंद व्हायच्या आत निघतेय, आबा चला म्हटलं तर येत नाहीत, शेजारी सांगून ठेवलंय. मी अंगठा टाकला. आबांना फोन करावा असं वाटलं, पण आबांकडं बटणांचा फोन. माझ्या ईसिमला नुसता डेटा, नंबरच नाही. त्यावरनं साध्या फोनला कॉल लागत नाही. म्हटलं, रात्री शेजारच्या पोराच्या व्हॉट्सअॅपवर बोलू. रात्री दमून झोपलो.

पाचव्या दिवशी सकाळी लाँग बिएन पुलावर गेलो. १९०३ साली खुला झालेला फ्रेंचांच्या काळातला पूल. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली. खाली लाल नदी, रंग अगदी पावसाळ्यातल्या पंचगंगेचा, चहात दूध कमी पडल्यासारखा. आपल्या शिवाजी पुलावर उभे राहून लोक पाणी बघतात तसा कठड्याला टेकून बघत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, बँकेचा एसएमएस आला का बघा, कार्डाचा ओटीपी लागणार आहे हॉटेलला. म्हणून पाच दिवसांत पहिल्यांदा घरच्या सिमची लाईन चालू केली.

मिनिटभर काही नाही. मग टुंग. टुंग. टुंग. ओटीपी नव्हे, मिस्ड कॉलच्या सूचना. सगळ्या एकाच नंबरवरनं. आदल्या संध्याकाळी सहा वाजून दहा. सहा बारा. सात. नऊ वीस. मग रात्री दीड. मग पहाटे चार, चार पाच, चार पंधरा. मोजले, अकरा.

माणसाचं डोकं अशा वेळी काय काय दाखवतं ते लिहीत नाही. हात एवढे थरथरत होते की शेजारच्या पोराचं नाव यादीत सापडेना. हिनं फोन काढून घेतला आणि लावला. दोन रिंग झाल्यावर पोरानं उचलला. पडद्यावर आधी त्याचं नाक, मग आमच्याच जिन्याचं छत, मग बराच वेळ छतच. आबांनी फोन कानाला लावला होता. "आबा, तोंडासमोर धरा," पोरगं सांगतंय. मग आबांचा एक डोळा आणि टोपीची कड दिसली.

"आरं फोन का बंद ठेवलाईस? मला वाटलं इमान पडलं का काय!"

"आबा, पाणी आलंय का घरात?"

"पाण्याचं काय, दोन घरं पलीकडं थांबलंय. तुमी दोघं बरं हाय न्हवं?"

पहिला फोन मेन स्विचसाठी होता. दिवाळीत मी मीटरची पेटी हलवली होती आणि नवा स्विच कुठला ते त्यांना सांगितलंच नव्हतं. पाणी वाढतंय तर लाईट तोडून ठेवावी म्हणून विचारायचं होतं. तो शेजारच्यांनी शोधून दिला, सव्वासहाला. उरलेले दहा फोन माझा फोन बंद का, यासाठी. रात्री दीडला ते उठून वर माळ्यावर कागदपत्रांची पेटी ठेवून आले होते आणि येता येता पुन्हा लावून बघितला होता.

मला बोलता येईना. आबांनीच विचारलं, "तिकडं बी पाऊस हाय काय?"

म्हटलं, आत्ता नाही. कॅमेरा फिरवून नदी दाखवली. आबांनी फोन लांब धरला, जवळ घेतला. "लई पाणी हाय की रं. पातळी किती?"

त्या नदीची पातळी मला माहीत नव्हती.

त्यानंतर लाईन बंद केली नाही. आबा रोज संध्याकाळी सहाला लावायचे आणि मी उचलायचो. एका मिनिटाला काय दर पडला ते बिल आलं तेव्हा कळलं, आणि हिला अजून सांगितलेलं नाही. उरलेले तीन दिवस होई आनमध्ये कंदील बघण्यात गेले. ईसिमचे सव्वा जीबी तसेच उरले, ते परत मिळत नाहीत.

घरी पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं, गल्लीत नुसता गाळाचा वास. माळ्यावरनं पेटी खाली घेतली. घरफाळ्याच्या पावत्या, खरेदीखत, आईचा फोटो, सगळं कोरडं. सगळ्यात वर दुधाच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून एक कागद ठेवलेला. उघडला तर माझा क्यूआर कोड.

"टेबलावरच टाकून गेलावता," आबा म्हणाले. "सिम भिजलं आसतं."