पुन्हा जॅनिस

‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी मालिका पाहणाऱ्याला जॅनिस आधी ऐकू येते आणि मग दिसते. दाराबाहेरून, पडद्याआडून किंवा कॅमेऱ्याच्या चौकटीपलीकडच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून, नाकात काढलेले आणि तीन तुकडे करून फेकलेले ते ‘ओह... माय... गॉड’ कानी पडते, मालिकेतल्या सहा मित्रांपैकी एक आणि तिचा जुना प्रियकर असलेल्या चँडलर बिंगचा चेहरा उतरतो, आणि बरबँकमधल्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत चित्रीकरण पाहायला बसलेले प्रेक्षक ती नीट दिसायच्या आतच हसू लागतात. एन्ट्रीला टाळी घेणारे नट आपल्या रंगभूमीला नवे नाहीत. विंगेत उभे राहूनच टाळी घेणारी ही बाई मात्र निराळी.

एवढा दबदबा तिने किती थोड्या भांडवलावर मिळवला, याचे मला नेहमीच नवल वाटते. २२ सप्टेंबर १९९४ ते ६ मे २००४ या काळात एनबीसी वाहिनीवर या मालिकेचे २३६ भाग झाले. त्यांतल्या वीसेक भागांतच जॅनिस आहे आणि त्यांतल्याही कित्येकांत ती एखाद-दुसऱ्या प्रवेशापुरती येते. तरी दहांपैकी एकही सीझन तिच्यावाचून गेलेला नाही. सहाव्या सीझनमध्ये तर ती पडद्यावर येतच नाही. व्हॅलेंटाइन डेची भेट म्हणून चँडलर कंपूतल्याच मोनिकाला, त्याच्या तेव्हाच्या प्रेयसीला आणि पुढच्या बायकोला, घरातली एक जुनी गाण्यांची कॅसेट देतो, ती त्यानेच भरली असावी अशा समजात मोनिका खूश होते, आणि गाणी चालू असताना मधेच जॅनिसचा आवाज बोलू लागतो. ती कॅसेट तिने त्याच्यासाठी भरलेली असते. मालिकेत एखादे पात्र किती खोल रुजले आहे हे पाहायचे असेल, तर ते पडद्यावर न येताही हशा मिळवते का, एवढे पाहावे.

तिची आणि आपली पहिली भेट होते तीच मुळी चँडलर तिला सोडणार असतो त्या दिवशी. पहिल्या सीझनचा पाचवा भाग, ऑक्टोबर १९९४. सेंट्रल पर्क या कॉफीच्या दुकानात चँडलर मनाशी वाक्ये जुळवत बसलेला आहे आणि जॅनिस खरेदीच्या पिशव्या घेऊन हसत येते. त्याच्यासाठी तिने मोजे आणलेले आहेत. जुन्या अमेरिकी कार्टूनमधल्या बुलविंकल नावाच्या मूसची, म्हणजे सांबरासारख्या प्राण्याची, एक जोडी आणि रॉकी नावाच्या खारीची दुसरी. म्हणजे हवे तर एका पायात मूस आणि दुसऱ्या पायात खार घालता येईल, हे ती त्याला मोठ्या कौतुकाने समजावून सांगते. चँडलर कॉफीवर कॉफी मागवत राहतो, धीर गोळा करतो, हातवारे करतो, आणि त्या भरात त्याचा हात तिच्या डोळ्याला लागतो. शेवटी हे ‘आपले जमणार नाही’ तिला सांगायचे काम त्याच्या मैत्रिणीला, फीबीला, करावे लागते.

लेखकांना अपेक्षित हशा तिच्या अवताराला, तिच्या कपड्यांना आणि त्या हसण्याला आहे, आणि आपण तो देतोही. पण तो प्रवेश आवाज बंद करून पाहिला, तर एक मुलगी प्रियकराच्या आवडीनिवडी ध्यानात ठेवून त्याच्यासाठी काहीतरी घेऊन आली आहे आणि समोरचा पुरुष भीतीने थरथरतो आहे, एवढेच चित्र उरते. जॅनिस असह्य आहे, असे मालिका आपल्याला दहा वर्षे बजावत राहिली. माझ्या मते ती असह्य असणे ही चँडलरची गरज होती. तीस-एक वर्षांच्या कमावत्या पुरुषाला कुणाशीही बांधून घ्यायची भीती वाटते, हे उघड दाखवले तर तो केविलवाणा दिसला असता. तीच भीती एका कर्कश हसण्यावर ढकलली की तो चोखंदळ दिसतो आणि आपणही त्याच्या बाजूने होतो.

ते हसणे लेखकांनी लिहिलेले नव्हते. जॅनिसचे काम करणाऱ्या मॅगी व्हीलर या अभिनेत्रीने मुलाखतींतून सांगितले आहे की, मॅथ्यू पेरी इतका विनोदी होता की त्याच्यासमोर आपल्याला हसू फुटणार हे तिला पक्के ठाऊक होते. तेव्हा पात्रालाच एक हसणे देऊन टाकले म्हणजे टेक वाया जाणार नाही, असा हिशेब तिने केला. म्हणजे ज्या हसण्याने चँडलरचे कान किटतात, त्याचा उगम चँडलरच्या भूमिकेतल्या नटाविषयीच्या निखळ दादेत आहे. याच मॅगी व्हीलरने आधी मोनिकाच्या भूमिकेसाठी चाचणी दिली होती. तिचा खरा आवाज मृदू आहे आणि लॉस एंजेलिसमध्ये ती हौशी गायकांचे समूहगान चालवते, हे कळल्यावर तर मला फारच बरे वाटले.

पहिल्या सीझनमध्ये तोडातोडीचा हा कार्यक्रम आणखी दोनदा होतो. नववर्षाच्या पार्टीला एकटे राहायला नको म्हणून चँडलर तिला बोलावतो आणि त्या पार्टीतच पुन्हा नकार देतो. व्हॅलेंटाइन डेला त्याचा मित्र जोई त्याला कुणा अनोळखी मुलीसोबत जेवायला म्हणून ओढून नेतो आणि ती अनोळखी मुलगी जॅनिसच निघते. रात्र एकत्र जाते आणि सकाळी पुन्हा निरोप. या तिसऱ्या निरोपाच्या वेळी मात्र ती रडत नाही. ती शांतपणे त्याला सांगते की, मला तू शोधत येतोस. तुझ्या आत खोलवर काहीतरी भोंग्यासारखे माझ्या नावाने ओरडते. तुला माझ्यावाचून राहवत नाही आणि हे तुला माहीत आहे, फक्त माहीत आहे हे तुला माहीत नाही. या भाषणालाही हशा आहेच. परंतु पुढच्या दोन वर्षांत जे जे घडते ते तिच्या या बोलण्याबरहुकूम घडते, आणि सहा मित्रांच्या त्या हुशार कंपूत इतके अचूक भाकीत दुसऱ्या कुणी केल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये खालच्या मजल्यावरचे खडूस म्हातारे मिस्टर हेकल्स मरतात आणि आपली सगळी अडगळ मोनिका आणि तिच्यासोबत राहणाऱ्या रेचलच्या नावे करून जातात. ती आवरताना चँडलरला त्यांनी नाकारलेल्या मुलींच्या नोंदी सापडतात: एक फार उंच, एकीच्या हिरड्या मोठ्या, एक फार मोठ्याने बोलणारी. आपणही पोरींना असल्याच कारणांनी नाकारत आलो आणि आपणही असेच एकटे मरणार, या धसक्याने तो फोन उचलतो आणि अर्थातच जॅनिसला लावतो. ती येते ती लग्न झालेली आणि गरोदर. चँडलरने कळवले असते तर थांबले असते, असे काही ती म्हणत नाही; तिचे आयुष्य पुढे गेलेले असते, इतकेच.

त्याच सीझनच्या शेवटच्या भागात, मे १९९६ मध्ये, मालिकेने जे केले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत हुशार काम वाटते. इंटरनेट नवे होते आणि चॅटवर अनोळखी माणसांशी बोलणे ही तेव्हा अपूर्वाई होती. चँडलर लॅपटॉपवर एका अनोळखी बाईशी बोलू लागतो आणि बघता बघता तिच्या प्रेमात पडतो. ती विवाहित आहे हे कळूनही तो थांबत नाही. अखेर कॉफीच्या दुकानात भेटायचे ठरते, दार उघडते, आणि आत येते जॅनिस. चँडलर क्षणभर गोठतो आणि मग तिला मिठीत घेतो. लेखकांनी केले एवढेच की तिच्याकडून तो आवाज, ते हसणे आणि ते बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे काढून घेतले आणि तिचे फक्त शब्द ठेवले; त्या शब्दांवर चँडलर भाळला. पाठीमागच्या दीड-दोन वर्षांत त्याने तिला ज्या कारणांनी नाकारले त्यांतले एकही कारण पुढे टिकत नाही, आणि हे मालिकेने स्वतःच, एका विनोदाच्या ओघात, कबूल करून टाकले.

तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला काही भाग ही जोडी खरोखर सुखात असते. जोईला आपण आवडत नाही हे ओळखून त्याचे मन वळवण्यासाठी जॅनिस दोघांच्या मौजेचा एक अख्खा दिवस ठरवते. कुणी आपल्याला टाळते आहे हे कळल्यावर रुसून न बसता त्याला फिरायला घेऊन जाणारी माणसे फार नसतात. मग एके दिवशी जोई तिला तिच्या नवऱ्याचे चुंबन घेताना पाहतो. घटस्फोटाच्या वाटेवरचा हा नवरा गाद्यांचा व्यापारी आहे आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातींत गाद्यांचा राजा म्हणून मिरवतो. चूक जॅनिसची आहे, त्यात शंका नाही, आणि ती चूक ती नाकारतही नाही. आपले प्रेम दोघांवर आहे असे सांगते. त्यावर चँडलर जे करतो ते त्याच्या वयाला प्रथमच शोभणारे असते. त्याचे आईवडील तो लहान असताना विभक्त झालेले; एका लेकराचे घर आपल्यामुळे मोडू नये म्हणून तो तिला नवऱ्याकडे परत जायला सांगतो. आणि ती गेल्यावर झुरतो.

स्टार वर्ल्डवर या मालिकेचे पुनःप्रक्षेपण चालू असे तेव्हा आमच्या घरी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास ते लागलेले असे. आईला त्या इंग्रजीतले फारसे कळत नसे आणि सहाही मित्र तिच्या लेखी सारखेच होते, पण स्वयंपाकघरातून ती विचारी, ‘आली का गं ती परत?’ आणि उत्तर मिळाले की हातातली पोळी तव्यावर टाकून दारापर्यंत येई. आईला ती आवडत असे. घरात शिरताना आवाज देत शिरणारी माणसे तिला एकूणच बरी वाटत.

चौथ्या सीझनमध्ये, फेब्रुवारी १९९८ मध्ये, रेचल चँडलरला नखे करून घ्यायला एका सलूनमध्ये नेते आणि तिथे शेजारून तोच आवाज येतो. आता जॅनिस घटस्फोटित आहे आणि मोकळी आहे. चँडलरला पुन्हा तेच रामायण नको आहे. सरळ नाही म्हणणे मात्र त्याला या खेपेलाही जमत नाही. कंपनी मला परदेशी पाठवते आहे, अशी थाप तो मारतो, आणि तोंडाला येईल तो देश म्हणून येमेनचे नाव घेतो. जॅनिस सामान बांधायला मदत करते आणि विमानतळावरही सोबत येते. थाप निभावण्यासाठी तिच्यादेखत त्याला तिकीट घ्यावे लागते, आणि ती विमानाच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर राहते. आज हा प्रवेश लिहिताच आला नसता. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पोचवायला आलेल्या माणसाला सुरक्षा तपासणीच्या आत सहसा सोडत नाहीत. तेव्हा सोडत असत, आणि म्हणून चँडलरला येमेनच्या विमानात बसावे लागले. पत्र कुठे लिहू, असे तिने विचारल्यावर त्याने दिलेला पत्ताही त्याच्या बेताइतकाच पोकळ आहे: १५, येमेन रोड, येमेन.

पुढे ती काही काळ कंपूतल्या रॉसबरोबरही फिरते आणि मग स्वतःच त्याला सोडते, कारण त्याची रडगाणी तिला सोसवत नाहीत. जॅनिसला कुणीतरी कंटाळवाणे वाटले, याचा धक्का रॉस बराच वेळ पचवत असतो. आठव्या सीझनमध्ये प्रसूतिगृहात ती रेचलच्या शेजारच्या खाटेवर येते. तिचा नवा नवरा सिड याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हिच्याबरोबर संसार बहिराच करू जाणे, हा विनोद मला लेखकांच्या आळसाचा नमुना वाटतो. ज्यांनी चॅटवरची जॅनिस लिहिली त्यांनी एवढ्यावर समाधान मानायला नको होते.

शेवटची भेट २२ एप्रिल २००४ च्या भागात आहे, मालिका संपायला दोन आठवडे उरलेले असताना. चँडलर आणि मोनिका यांनी न्यूयॉर्कबाहेर, वेस्टचेस्टरमध्ये घर घेतले आहे, बाळ दत्तक घ्यायची तयारी चालू आहे, आणि शेजारचे घर पाहायला जी बाई आली आहे ती जॅनिस आहे. मोनिका हादरते. चँडलर तिला म्हणतो की माझ्यावर सोपव. मग तो जॅनिसला गाठून सांगतो की, तू हे घर घ्यावेस अशी माझी फार इच्छा आहे, कारण माझे अजून तुझ्यावर प्रेम आहे. ती ऐकते, हेलावते आणि घर घेण्याचा विचार सोडून देते; आपण शेजारी राहिलो तर याचा संसार मोडेल, हे तिला पुरते कळते. सात वर्षांपूर्वी तिच्या लेकरासाठी चँडलरने खरे बोलून जे केले होते, तेच ती त्याच्या थापेवर विश्वास ठेवून करते. या वेळी त्याला पत्ता सांगावा लागत नाही, तिकीट काढावे लागत नाही. परदेशी जातो म्हटले तेव्हा ती विमानाच्या दारापर्यंत त्याची पाठ सोडायला तयार नव्हती. प्रेम आहे म्हटल्यावर ती आपल्या पायांनी निघून जाते, आणि चँडलरला हे आधीपासून ठाऊक असते.