नकाशावरचं एक झाड

दाव्यांच्या गठ्ठ्यावर प्रत्येक कागदाला एकच शेरा होता : पुरावा अपुरा. रायगडातल्या एका कातकरी वाडीचे हे वनहक्क दावे. 2006च्या कायद्याप्रमाणे आदिवासींना 13 डिसेंबर 2005च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. वाडीकडे दाखवायला दळी होती, म्हणजे डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती. कागद नव्हता. माझं काम जुने नकाशे नव्यावर बसवण्याचं, म्हणून गठ्ठा माझ्याकडे आला.

आधी 1883चं कुलाबा गॅझेटियर उघडलं, म्हणजे रायगडचं नाव कुलाबा होतं तेव्हाचं, इंग्रज सरकारनं काढलेलं जिल्ह्याचं माहितीपुस्तक. स्कॅन केलेलं आहे, शब्द शोधता येतो म्हणे. कातकऱ्यांचं नाव इंग्रजीत टाकलं, काही नाही. त्या छपाईत दीर्घ ‘आ’साठी अक्षरावर तिरकी रेघ असते, यंत्र ती कधी गिळतं, कधी तिचं भलतंच अक्षर करतं. काथकरी, काथोडी अशी स्पेलिंगं बदलत अर्धा दिवस घालवला. जे सापडलं ते जमातीबद्दल, तेही साहेबाच्या नजरेतून. ही वाडी त्यात नव्हती.

मग कोरोना. साथ नव्हे, 1960 ते 1972 या काळातले अमेरिकेचे हेरगिरी करणारे उपग्रह. ते फोटो फिल्मवर काढायचे. फिल्मची कुपी पॅराशूटनं खाली यायची आणि विमान तिला हवेतच पकडायचं. 1995मध्ये हे फोटो खुले झाले. शीतयुद्धातली ती हेरगिरी आमच्या दळीच्या कामी यावी, याचं मला अजून हसू येतं. आमच्या डोंगराची एक पट्टी मिळाली, 1960च्या दशकातली, पावसाळा सरल्यानंतरची. अशा पट्टीची टोकं ताणलेली असतात. आजच्या नकाशावर ती बसवायची तर इतक्या वर्षांत न हललेल्या जागा लागतात. दोन ओहोळ मिळतात ती जागा, देवळाचा कोपरा, एक जुनी विहीर, असं करत बारा खुणा जमवल्या. उतारावर फिकट डाग होते. त्यांना मी ‘कातळ’ असं नाव देऊन मोकळा झालो.

लॅपटॉप घेऊन वाडीत गेलो. सगळ्यात वयस्कर आजी अंगणात बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“ह्ये आमचं न्हाय.”

मला वाटलं, दिसत नसेल. त्यांच्या नातवानं काही न बोलता लॅपटॉप उचलला आणि उलटा धरला. आजींची बसायची जागा डोंगराकडे तोंड करून, आणि डोंगर वाडीच्या दक्षिणेला. माझ्या नकाशात उत्तर वर, म्हणजे त्यांचा डोंगर पायाशी. मी चित्र पुरतं फिरवलं. आता डोंगर वर आला आणि आजींचं बोट काचेवर आलं.

“ह्यो व्हाळ. ही आमची दळी.”

बोट माझ्या कातळावर होतं.

“आजी, तो खडक आहे ना?”

“खडक कसला? नाचनी काढल्याली हाय. शेजारचं काळं दिसतंय ना, ती टाकल्याली जमीन. दोन-चार सालं हितं करायचं, मंग तिकडं.”

दावे का अडकले तेही मग उमगलं. मोजणी झाली त्या वर्षी जेवढ्या तुकड्यावर पीक उभं होतं तेवढीच शेती धरली गेली, पडीक ठेवलेलं सगळं जंगलात जमा. मी ‘कातळ’ नावाचा लेयर तिथेच काढून टाकला. कान तापले होते.

2012ला सुधारलेल्या नियमांप्रमाणे उपग्रहाचं चित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेत नाही. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब मात्र चालतो. दावे मुलांच्या नावावर होते, त्यामुळे आजींचा जबाब घेता येत होता. तो लिहून घेतला, त्यांनी अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी जीपीएस घेऊन नातवाबरोबर उतारावर फिरलो. दळीच्या वरच्या अंगाला एका जागी तो चपला काढून थांबला. त्यांच्या देवाचं ठिकाण. नियमांत अशी पवित्र स्थळंही पुरावा म्हणून धरली जातात, तेव्हा मी खूश होऊन बिंदू घेतला. संध्याकाळी आजींना दाखवला तर त्या गप्प झाल्या.

“त्ये नगं लिवू. कागुद कुनाच्याबी हातात जातो.”

मी नियम समजावून सांगितला, दावा किती भक्कम होईल तेही सांगितलं. आज वाटतं, जरा जास्तच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग झाड म्हनून लिव.”

नकाशावर चौदाव्या क्रमांकाला ‘झाड’ आहे. दावे पुन्हा दाखल झाले, स्थळपाहणी लागली. पाहणीला आलेल्या साहेबांनी नकाशावर पेन टेकवलं. “एवढ्या जंगलात हे एकच झाड का दाखवलंय?”

मी नातवाकडे पाहिलं.

“मोठं हाय,” तो म्हणाला.